रात्रपाळीच्या घरातलं इंग्रजी

चूपकाकींचा खरा आवाज मी फक्त तीनदा ऐकला. एरवी पाच-सहा वर्षं त्या माझ्याशी कुजबुजत बोलल्या आणि मी त्यांच्याशी. त्या गेल्या त्याला आता बराच काळ झाला, पण मला त्या आठवतात त्या चेहऱ्यानं नाही, कानाजवळच्या श्वासानं. दुपारी घरात कुणी नसतं, मी काहीतरी वाचत असते, आणि उजव्या कानापाशी ऊब जाणवते. एखादा अवघड इंग्रजी शब्द कुणीतरी निम्मा उच्चारतं आणि थांबतं. उरलेला मी म्हणावा म्हणून. मी मान वळवत नाही. शब्दही पुरा करत नाही.

चूपकाकी हे नाव शेरीतल्या पोरांनी ठेवलेलं. सुरतेच्या जुन्या वस्तीत समोरासमोर ओटे असलेली आमची अरुंद शेरी. सगळी घरं गुजराती, मराठी दोनच. एक आमचं, माझे वडील सरकारी कचेरीत होते म्हणून आलेलं. दुसरं आमच्या भिंतीला भिंत लागून, भास्करकाकांचं. ते अमळनेरकडचे, उधन्याला कापड विणायच्या खात्यात मागावर होते. मागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. काकांची कायमची रात्रपाळी. सकाळी आठला सायकलवरून यायचे, केसांत कापसाची लव, डोळे लाल. आंघोळ, भाकरी, आणि मग चार वाजेपर्यंत झोप.

ती झोप राखणं हे काकींचं काम. पोरं ओट्यासमोर गोट्या खेळायला लागली की काकी दारात येत, बोट ओठांवर ठेवत आणि डोळे मोठे करत. तोंडातून 'शू' एवढंही निघायचं नाही. घरात भांडी घासायची ती गोणपाटावर. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सारून त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली असायची, म्हणजे किणकिण नको. समोरच्या जसुबेन हसायच्या, "चूपकाकी, तमारे घेर तो बिलाडी पण पूछीने चाले!" तुमच्याकडे मांजरसुद्धा विचारून चालतं. काकीही हसायच्या. तेही बिनआवाजाचं.

म्हणून पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला तेव्हा मी घाबरले. श्रावणात खानदेशी घरांमध्ये कानबाई देवी बसते. बमरोलीला त्यांच्या नात्यातल्या लोकांच्या चाळीत कानबाई होती, आईला आणि मला आग्रहानं नेलं होतं. बायका गाणी म्हणत होत्या. एकाएकी त्या सगळ्यांच्या वर एक आवाज चढला. जाड, उघडा, वरच्या पत्र्याला भिडणारा. कोण गातंय म्हणून मी मान वळवून पाहिलं, तर काकी. डोळे मिटलेले, गळ्याची शीर ताठ. परतताना मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझे वडील मास्तर होते, थोडी शेतीही होती. सुट्टीच्या दिवशी जेवायला हाक मारायची तर दोन शेतं ओलांडून आवाज जावा लागायचा. तिथं तयार झालाय हा गळा." शेरीच्या तोंडाशी आलो आणि त्यांचा आवाज पुन्हा गेला. चप्पल काढून ठेवावी तसा.

मी तेव्हा अकरा वर्षांची. इंग्रजी शाळेत जायचे. मागच्या पायरीवर बसून धडा पुटपुटायची मला सवय होती, कारण मोठ्यानं वाचायची लाज वाटायची. वर्गातही, घरातही. आई वैतागायची, "अगं, तोंडातल्या तोंडात काय? कुणाला कळतंय?" एक दिवस काकी भिंतीपलीकडून आल्या आणि शेजारी बसल्या. मांडीवर एक पुठ्ठा गेलेला इंग्रजी-मराठी कोश. त्यांच्या वडिलांचा. एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी माझ्या कानात विचारलं, "हा तोंडानं कसा म्हणतात?"

मी म्हटला.

"अर्थ माहीत आहे तुला?"

मला नव्हता.

"मला आहे," त्या म्हणाल्या. "मला अर्थ माहीत असतो, तोंड माहीत नसतं. आमच्याकडे आठवीपासून इंग्रजी. मॅट्रिकला लिहून पास झाले, बोलून नाही. बोललंच नाही कुणी. मास्तर फळ्यावर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो. चल, आजपासून शब्द माझा, उच्चार तुझा."

त्या दिवसापासून त्या मला टीचर म्हणायला लागल्या. थट्टेत नाही. मी आल्यावर त्या उठून उभ्या राहत, अकरा वर्षांच्या मुलीसाठी, आणि मी बसले की बसत. माझ्यासाठी आयुष्यात तोवर कुणीच उभं राहिलं नव्हतं.

शिकवणी त्यांच्या घरात चालायची, दुपारी शाळेतून आल्यावर. शाळा सकाळची होती. एकच मोठी खोली, तिच्या टोकाला खाटेवर भिंतीकडे तोंड करून काका झोपलेले. आम्ही स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. सगळं कुजबुजत. शब्दात जोर कुठे द्यायचा हे आवाजानं दाखवता येत नसे, म्हणून मी त्यांच्या मनगटावर बोटानं दाबून दाखवायची. हलकं, हलकं, जोरात, हलकं. मग त्या तोच शब्द माझ्या मनगटावर परत द्यायच्या. ओठ कसे ठेवायचे ते त्या माझ्या तोंडाकडे टक लावून शिकायच्या. कुंकवाच्या पेटीतला छोटा आरसा तोंडासमोर धरायच्या. काही अक्षरांना श्वास फुटला पाहिजे, तर आरशावर धुकं यायला हवं असं मी सांगितलं होतं. धुकं आलं की त्या आरसा मला दाखवायच्या, पोराला पहिला दात आल्यासारखा.

अर्थ मात्र त्यांच्याकडून घ्यावा. शाळेत आम्हाला इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ मिळायचा आणि तो पाठ करून मी विसरायची. काकींनी दिलेला एकही विसरले नाही. 'रेझिलियंट' म्हणजे नीट भिजलेली कणीक, बोट दाबलं तरी परत वर येते. 'एग्झॅस्परेट' म्हणजे डाळ शिजत नाही, रॉकेल संपत आलंय आणि पाहुणे म्हणतात, घाई नाही. 'रेटिसंट' आला तेव्हा त्यांनी कोशावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तुझा फोटो." 'लिंगर' त्यांचा आवडता. "जायचं म्हणून उठायचं आणि दारात उभं राहून तासभर बोलायचं. आमच्या खानदेशात सगळेच करतात. इंग्रज पण करत असतील, नाहीतर शब्द कशाला केला असता?"

हे सगळं कशासाठी चाललंय ते मला वर्षभरानं कळलं. टेलिफोनच्या कचेरीत बायकांना ऑपरेटर म्हणून घेत असत. काकींना ती नोकरी हवी होती. "दिवसाची नोकरी," त्या म्हणाल्या. "ती लागली तर यांना सांगेन, रात्रपाळी सोडा. दहा वर्षांत आम्ही एकमेकांना उजेडात धड जागं पाहिलं असेल ते रविवारीच." काका दिवसपाळी का मागत नाहीत, असं मी विचारलं. "रात्री खात्यात थंड असतं म्हणतात. शेठ नसतो. कटकट नसते." त्यांनी खाटेकडे पाहिलं. "मला वाटतं, सवय झाली."

नोकरीसाठी परीक्षा होती आणि वयाची अट होती. काकींचं एकच वर्ष शिल्लक होतं. त्यांनी कोश 'ए'पासून धरला होता तो आता 'आर'पर्यंत आला होता. अवघड शब्द येणारालाच घेतात अशी त्यांची खात्री होती, आणि मला खात्री नव्हती असं म्हणता येणार नाही, कारण मला काहीच माहीत नव्हतं. पण एक गोष्ट माहीत होती.

परीक्षेच्या महिनाभर आधी आमच्या शाळेत वक्तृत्वाची निवड झाली. मिसनी मला हॉलच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. मी पाठ केलेलं भाषण संपवलं. त्या तिथून म्हणाल्या, उच्चार सुरेख आहेत, पण कुणासाठी? मुली हसल्या. मला वगळलं. त्या संध्याकाळी काकींनी विचारलं, "टीचर, झाली निवड?" मी मान हलवली. होकारार्थी. त्यांनी दुसऱ्या दिवशी खापरावरचे मांडे केले. एवढा मोठा पातळ मांडा हातावर फिरवत खापरावर टाकताना त्यांना घाम फुटला होता. मी दोन खाल्ले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं की काकी, मी तुम्हाला शिकवलं ते चार बोटांवरच्या माणसालाच ऐकू जातं. पण सांगितलं असतं तर त्या उठून उभ्या राहायच्या थांबल्या असत्या, असं मला वाटलं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

परीक्षेला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. "तुझं तोंड समोर दिसलं की माझं बरोबर होतं," म्हणाल्या. इस्त्रीचं पांढरं पातळ, हातावरची पट्टी सोडलेली. बांगड्यांचा आवाज रस्ताभर येत होता आणि त्या दर थोड्या वेळानं दचकून हाताकडे पाहत होत्या. लेखी परीक्षा चांगली गेली. मग आवाजाची. एका खोलीत उमेदवारानं यंत्रासमोर बसून वाचायचं, आणि पलीकडच्या खोलीत एक साहेब कानाला यंत्र लावून ऐकणार. मी बाहेरच्या बाकावर होते. मला साहेब दिसत होते, काकी दिसत नव्हत्या.

वाचायचं होतं ते काय, तर आकडे. गावांची नावं. चार साधी वाक्यं, कोणता नंबर हवाय, जरा थांबा, लाइन चालू आहे. कोशातला एकही शब्द नाही.

साहेबांनी कानावरचं यंत्र हलवलं. "हॅलो? लाउडर, प्लीज." थोड्या वेळानं पुन्हा, "लाउडर." मग ते शेजारच्याला म्हणाले, यंत्र बिघडलंय का बघा. यंत्र ठीक होतं. आणि तेव्हा मी काकींचा आवाज दुसऱ्यांदा ऐकला. भिंतीतून आला. दोन शेतं ओलांडून जाणारा तो आवाज. पण त्या आवाजात माझे उच्चार नव्हते. सगळे शब्द अमळनेरच्या बांधावरून आल्यासारखे रुंद, मोकळे, जोर भलतीकडेच. साहेबांनी यंत्र कानापासून लांब धरलं. कुणीतरी हसलं. मग शांतता. मग साहेब पुन्हा म्हणाले, "हॅलो? हॅलो?" त्या परत कुजबुजायला लागल्या असणार, बिनचूक.

येताना चौकबाजारापाशी नदीच्या काठावर आम्ही बसलो. तापीचं पाणी खाली गेलं होतं. काकींनी बांगड्या पुन्हा कोपराकडे सारल्या. मग नेहमीच्याच कुजबुजीत, जणू नदीच्या पलीकडेही कुणी झोपलंय, म्हणाल्या, "मोठ्यानं इंग्रजी येतच नाही गं मला. आवाज चढवला की वडील दिसतात, शेत दिसतं, इंग्रजी पळून जातं. मला वाटायचं ती भाषाच अशी असते. हळू बोलायची."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. माझं चुकलं, काकी. ते तसंच राहिलं. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि त्यावर बोटानं काहीतरी दाबलं. हलकं, हलकं, जोरात, हलकं. कोणता शब्द होता ते मी ओळखलं नाही आणि विचारलं नाही.

वयाची अट संपली. मी अभ्यासाचं निमित्त काढलं आणि त्यांच्याकडे जाणं कमी केलं, मग बंद केलं. भिंतीला कान लावला तर काहीच ऐकू यायचं नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखंच होतं. एका पावसाळ्यात नदीचं पाणी शेरीत शिरलं, ओट्यांच्या वर चढलं. ओसरल्यावर काकांनी घर सोडलं. कडोदऱ्याकडे नवे माग लागत होते, तिथं राहायची सोयही होती. सामान बैलगाडीवर चढलं. काकी गाडीच्या मागच्या टोकाला ट्रंकेवर बसल्या. गाडी शेरीच्या वळणावर पोचली तेव्हा त्या एकदम मोठ्यानं ओरडल्या, "येजो व मायऽऽ!" ये हं बाई. सगळे ओट्यांवर आले. चूपकाकींना आवाज आहे हे बहुतेकांना त्या दिवशी कळलं. तो तिसरा. हाकेला ओ द्यायची असते. मी हात वर केला. नुसता हात.

मी गेले नाही. शाळा संपली, कॉलेज झालं, मी एका कचेरीत पत्रं टाइप करायला लागले. ते काम मला बरं, बोलावं लागत नाही. परगावी फोन लावायचा असला की मात्र मी कुणाला तरी विनवते. तिकडून ऑपरेटर बोलते तेव्हा मी त्या आवाजात काहीतरी शोधत राहते आणि माझं सांगायचं राहून जातं. काकी गेल्याचं जसुबेनकडून कळलं. ताप आला आणि चार दिवसांत संपल्या. ते कळल्यावरही मला जायला पाच महिने लागले.

कडोदऱ्याला बसमधून उतरल्यावर चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. पायाखालची जमीनसुद्धा थरथरत होती. काका खोलीच्या दारात बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होते. मला पाहून ओरडले, "अरे, टीचर! ये, ये, बस!" त्यांचा आवाज मी कधी नीट ऐकलाच नव्हता. एवढ्या मोठ्यानं का बोलतात ते कळेना. मी म्हटलं, "काका, कसे आहात?" ते माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहत होते.

"कान गेले," ते म्हणाले. "आत्ताचं नाही हे. आम्ही शेरीत होतो तेव्हापासूनच. मागावर सगळ्यांचे जातात. आम्ही तोंडं बघून बोलतो."

मी ओठांनीच विचारलं, तेव्हापासून?

"म्हणून तर रात्रपाळी. रात्री शेठ नसतो, हाक कुणी मारत नाही, कळत नाही कुणाला. कळलं असतं तर काढलंच असतं." कांडी भरली, त्यांनी दोरा तोडला. "दिवसा झोप कुठली. पडून राहायचो डोळे मिटून. कधी कूस बदलली की तुम्हा दोघींची तोंडं दिसायची. आरसा दिसायचा."

"मग काकींना सांगितलं का नाही?" मी म्हटलं, आणि त्यांना समजावं म्हणून पुन्हा म्हटलं.

"कसं सांगणार? एवढा जीव टाकून झोप जपायची ती माझी. बांगड्या बांधायची. ते बघत पडायला बरं वाटायचं मला." ते चरखा फिरवायचे थांबले. "इथं आल्यावर सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, मग मी एवढी वर्षं कुणासाठी हळू बोलले? आणि दोन दिवस बोललीच नाही."

कुणासाठी. हॉलच्या त्या टोकावरून आलेला प्रश्न इथं, या खडखडाटात मला पुन्हा गाठत होता.

काकांनी आत जाऊन काकींची शब्द उतरवायची वही आणली. कोश पुरात गेला होता, वही वाचली होती. 'आर'च्या पुढे 'झेड'पर्यंत सगळे शब्द भरलेले. नवीन शाई, तेच अक्षर. म्हणजे मी जाणं बंद केल्यावरही, कोश जाण्याआधीच, त्यांनी तो संपवला होता. एकट्यानं.

"इथं रोज म्हणायची," काका म्हणाले. "इथंच, दारात उभी राहून. या मागांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? चांगली मोठ्यानं म्हणायची. इथली शीर अशी उभी राहायची." त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "तोंड अगदी तुझ्यासारखं. आवाज कसा होता ते मला नाही सांगता येणार."

म्हणजे त्यांना जमलं होतं. माझं तोंड आणि त्यांचा गळा, दोन्ही एकत्र. आणि ते ऐकणारं माणूस जगात एकही नव्हतं. मी वर्षभर आधी, पाच वर्षं आधी आले असते तर असतं. चौथ्यांदा.

मी निघाले. दारात उभी राहिले. काका म्हणाले, "एखादा म्हणून दाखव ना."

मी म्हटला. लिंगर.

त्यांनी मान हलवली. "हळू म्हणालीस. शीर हलली नाही."

मी पुन्हा म्हटला. त्यांची नजर माझ्या गळ्यावर होती. "अंहं."

मग मी दाराच्या चौकटीला धरलं आणि म्हटला. माझ्या छातीतून काहीतरी सुटून वर आलं, एवढं मोठं की माझेच कान दडपले. मागांच्या आवाजावर चढून ते समोरच्या पत्र्यांवर आदळलं. माझा आवाज असा आहे हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीतून एक म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे न पाहताच, रोजच्या हाकेला ओ द्यावी तसं, सवयीनं, तिनं काकांच्या दाराकडे तोंड करून विचारलं, "आज उशीर व्हयना का व, वहिनी?" आज उशीर झाला का गं.

मग तिनं मला पाहिलं, आणि पदर तोंडाशी धरून ती तशीच उभी राहिली.